काठी म्हणा, जोडा म्हणू नका

मार खाल्लेल्या माणसाला लोक पहिल्यांदा काय विचारतात? "लागलं का?" असे विचारत असतील, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. पहिला प्रश्न असतो, "तू काऊन गेला होता तिथं?" ठाणेदार हेच विचारतो, जातीचे पंच हेच विचारतात, आणि ज्या मजूर मंडळाची पत्रके पिशवीत घालून मी सायकल दामटत होतो त्या आमच्या मंडळाचे कार्यवाहसुद्धा, जरा धुतलेल्या भाषेत का होईना, हेच विचारतात. मारणाऱ्याला "तू काऊन मारलं" असे विचारायला मात्र कोणाला फुरसत नसते. हे मला पत्रकात लिहायचे होते. पत्रकात मावले नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला होता. ठाण्यावरच्या पाट्या अजून हिंदीत होत्या. गावांचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, गेले होते, ठेकेदार आले होते. जंगल तेच आणि वाकणाऱ्या कमराही त्याच. माझे काम गोंडपिपरीच्या पुढल्या पट्ट्यात, तेंदूपानाच्या मजुरीचे. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात सगळे घर सकाळी जंगलात जाते, विडीची पाने तोडते, दुपारी घरी बसून त्यांचे पुडे बांधते आणि दिवस मावळायच्या आत ते पुडे फडीवर नेते. फडी म्हणजे पाने घेण्यासाठी ठेकेदाराने साफ केलेले मैदान. तिथे पुडे रांगेने मांडायचे. मग ठेकेदाराचा मुंशी रांगेतून फिरतो. हा पास, हा नापास. नापास पुड्याची मजुरी नाही. इथवर कोणी म्हणेल, ठीक आहे, माल पाहूनच घेणार. पण नापास पुडा बांधणाऱ्याला परत मिळत नाही. तो तिथेच पडून राहतो, पास पुड्यांच्या शेजारी वाळतो आणि त्यांच्याच पोत्यात जातो. हे सगळ्यांना दिसते. बोलत कोणी नाही.

एक जण बोलला, आणि तोही बोलणाऱ्यांतला नव्हता. चाळिशीचा, खालच्या मानेने चालणारा, फडीवर सगळ्यांत शेवटी आपली रांग मांडणारा. त्या दिवशी मुंशीने त्याचे पुडे पायाने बाजूला सारले, तेव्हा तो वाकला आणि ते परत आपल्या टोपलीत भरू लागला. मुंशी म्हणाला, ठेव. तो म्हणाला, नापास आहेत ना जी, मग माझे मले नेऊ द्या, चुलीत घालाले होतील. एवढेच. मुंशीने पायातला जोडा काढला आणि त्याला मारले. एकदा मारून थांबला नाही.

मी त्या गावात पोचलो तेव्हा तो अंगणात बसून गवताच्या पेंढ्या बांधत होता. घराचे जुने छप्पर उतरवलेले, नुसते वासे उघडे, आणि आत भांड्यांवर ऊन पडलेले. त्या गावात छप्पर कोणी एकट्याने चढवत नाही. दिवस ठरतो, सगळे गाव येते, एका दिवसात घर शाकारून मोकळे होते, आणि त्या दिवशी त्या घरची आंबील आणि भात सगळे मिळून खातात. त्याचा दिवस ठरलेला होता. पावसाळा तोंडावर आलेला होता.

कशाने मारले, म्हणून मी विचारले. तो पेंढीची गाठ आवळत राहिला. उत्तर घरातून त्याच्या बायकोने दिले, काठीनं. त्याच्या कानामागे जखम होती. अर्धगोल, बैलाच्या नालेला लहान केल्यासारखी. मुंशीच्या जोड्याच्या टाचेला नाल ठोकलेली होती, ते मी फडीवर पाहून आलो होतो. काठीला नाल नसते एवढे मलाही कळते. मी शेजाऱ्याला विचारले. काठीनं. फडीवर अगदी समोर उभी असलेल्या बाईला विचारले. काठीनं जी. आपसात ते गोंडीत काही बोलले, ते मला कळले नाही. मराठीत मात्र सगळ्या गावाच्या तोंडी एकच काठी.

मी चिडलो. मला वाटले मुंशीला भ्याले आहेत, जोड्याचा अपमान कागदावर आला तर तो सूड घेईल म्हणून काठी म्हणतात. तसे मी मोठ्याने बोललोही. तेव्हा गावचा म्हातारा पंच, ज्याला लहानथोर सगळे आजा म्हणत, काठी टेकत उठला आणि मला गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली घेऊन गेला.

"भाऊ, कागदावर काठी लिहा," तो म्हणाला. "जोडा लिहू नका."

"पण साऱ्यायनं डोळ्यानं पाह्यलं ना, आजा."

"पाह्यलं. डोळा पंच नसते. तोंड पंच असते."

मग त्याने समजावून सांगितले, शहरातल्या माणसाला समजावतात तसे, सावकाश. काठीचा मार पाल्याने बरा होतो. जोड्याचा मार पाल्याने बरा होत नाही. जोडा लागलेला माणूस बाटतो. त्याने सगळ्या जातभाईंना जेवण घालून स्वतःला धुवून घ्यावे लागते. तोवर त्याच्या घरचे पाणी कोणी पीत नाही, त्याच्या पंगतीला कोणी बसत नाही. आणि ह्या घरात त्या जेवणापुरते काही नव्हते. ज्याची फुले विकून चार पैसे येतात तो मोह त्या साली फुललाच नव्हता. म्हणजे जोडा म्हटले की तो बाहेर, आणि तो बाहेर गेला की छपराच्या दिवशी त्याच्या अंगणात जेवणार कोण? काठी म्हटले की काहीच झाले नाही. मारणाऱ्याने मारले, लागणाऱ्याला लागले, आणि गाव आपल्या जागी.

शहरातल्या वाचकांनी हसू नये. ही चाल जंगलातल्यांची एकट्यांची नाही. माझ्या आजोळी, जिथे घरोघरी पोथ्या वाचतात आणि पोरे मॅट्रिक होतात, तिथे आईच्या एका चुलत्याला मालगुजाराच्या माणसाने भर बाजारात जोडा मारला होता. जातगंगेला जेवण घालीपर्यंत तो सख्ख्या भावाच्या ओसरीवर वेगळे पान घेऊन बसत असे. मारणारा त्याच बाजारात पान खात फिरत होता. आईने हे मला कौतुकाने सांगितले होते, घराण्याची शिस्त म्हणून.

पण माझ्या आजोळाने जे केले नाही ते ह्या गावाने केले होते. सभा नाही, ठराव नाही. ज्याने त्याने आपापल्या चुलीपाशी बसून ठरवले की आपण काठी पाहिली. मी पुष्कळ पत्रके लिहिली आहेत आणि दुसऱ्यांची त्याहून जास्त वाचली आहेत. एका माणसाला वाचवायला सबंध गावाने एका तोंडाने बोललेले असे खोटे मी कोणत्याही खऱ्याच्या बदल्यात दिले नसते.

मी परत अंगणात आलो आणि त्या माणसालाच विचारले, तुमचं काय म्हणणं आहे? तक्रार करायची की सोडून द्यायची? त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, "मले उद्या पुन्हा फडीवर जा लागते, भाऊ. त्यानं पुन्हा मारू नये, एवढं करून द्या. बाकी काई नाई पायजे."

एवढीच मागणी. जोडा नको, क्रांती नको, पत्रक नको. पुन्हा मारू नये. मी कागद काढला आणि काठी लिहिली. आजही लिहीन.

चांद्याला जाऊन कार्यवाहांना सांगितले. ते मोठे वाचलेले गृहस्थ, तोंडातून शब्द बाहेर पडला की लगेच त्याचा ठराव व्हावा असे. त्यांना काठी पसंत पडली नाही. काठीने कोण पेटतो, म्हणाले. काठी रोज पडते. जोडा लिही, मी पाचशे प्रती काढतो. मी म्हटले, जोडा लिहिला की तो माणूस गावाबाहेर. त्यावर ते म्हणाले की जात हीच मुळी जायची आहे, एका माणसाच्या पंगतीसाठी सत्य झाकायचे का? आणि तो मुंशी, त्याच्याविषयी मी एवढा कडक का? तोही पगारी नोकरच. पुडे कमी भरले तर त्याच्यावर ठेकेदाराचा बडगा. मारणारा आणि मार खाणारा दोघेही एकाच व्यवस्थेचे बळी. शेवटी त्यांनी विचारले की तो गृहस्थ संघटनेत न येता एकटाच का बोलायला गेला?

म्हणजे तोच प्रश्न. तू काऊन गेला होता.

सगळेच बळी असतील तर कोणीच बळी नाही, असे मी त्यांना म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अभ्यास वाढवायला सांगितले. अभ्यास वाढवायची संधी मला लगेच मिळाली, ती ठाण्यात.

तालुक्याचे ठाणेदार वाईट माणूस नव्हते. हे लिहिताना मला कष्ट होतात, कारण ते वाईट असते तर काम सोपे झाले असते. "या, पत्रकवाले," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. नुकतेच कुठल्याशा शिक्षणवर्गाला जाऊन आले होते आणि तिथे मिळालेली टंकलेली पाने त्यांनी कापडात बांधून ठेवली होती, घरी पोथी ठेवतात तशी. ती सोडून त्यांनी मला वाचून दाखवली. गुन्ह्याच्या शास्त्राने आजवर नुसता गुन्हेगार पाहिला, त्यांनी सांगितले. त्याची कवटी मोजली, त्याचा बाप शोधला, त्याची दारू आणि त्याचे दारिद्र्य पाहिले. आता परदेशातले नवे पंडित म्हणतात की गुन्हा ही दोघांची गोष्ट आहे. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्याकडेही पाहा.

मी खुर्चीत सरसावून बसलो. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. मार खाणाऱ्याची शास्त्राला एकदाची आठवण झाली. पुढचे पान उलटल्यावर कळले, आठवण कशासाठी काढली ते. त्यात बळींच्या प्रती लावल्या होत्या, गिरणीत तांदळाच्या लावतात तशा. पहिला अगदी निर्दोष, जसे तान्हे लेकरू. दुसरा अजाण, ज्याला आपण धोक्यात उभे आहोत हे समजत नाही. तिसरा गुन्हेगाराच्या बरोबरीचा वाटेकरी, डिवचणारा. त्यापुढे गुन्हेगाराहून जास्त दोषी, आणि शेवटी तर गुन्हेगार पूर्ण मोकळा आणि सगळा दोष मार खाणाऱ्याचा.

मग त्यांनी आमच्या माणसाला तिसऱ्या राशीत टाकले. का, तर तो सगळ्यांच्या शेवटी फडीवर राहिला. बाकीचे निघून जायला लागल्यावर राहिला. मालाला हात घातला. उलट बोलला.

आता मी एक गोष्ट कबूल करतो, कारण पत्रकात ती करता येत नाही. त्यांचा पहिला प्रश्न खोटा नव्हता. फडीवर एवढी माणसे असताना जोडा ह्याच्याच कानामागे का लागला? ह्याला उत्तर आहे आणि ते शोधले पाहिजे. तो शेवटी असे, म्हणून त्याच्या वेळी अंधारून आलेले असे आणि मुंशी दिवसभराचा तापलेला असे. त्याचे भाऊ दुसऱ्या गावी, त्याच्या बाजूने धावणारे कोणी नाही. तो गरीब स्वभावाचा म्हणून त्याचे पुडे सर्वांत जास्त नापास होत. मारणारा हात, मार खाणारा जवळ, आणि अडवणारा दूर, असे तिन्ही जुळले की मार पडतो. हे ज्याला कळेल तो उद्याचा मार चुकवू शकेल: फडीवर उजेडात पुडे घ्या, पंच उभे करा, नापास माल परत करा. पण ठाणेदारांचे शास्त्र तिकडे वळतच नव्हते. ते कारण शोधायला घराबाहेर पडे आणि येताना दोष घेऊन येई.

"साहेब," मी म्हणालो, "वाघानं मागं राहिलेली गाय धरली, तर ती मागं काऊन राहिली हे गुराख्यानं जरूर पाहावं. पण त्यात गाईचा हिस्सा किती, हे कोन काढते?"

ते मनापासून हसले. "वाघावर कलम लागत नाही, पत्रकवाले. म्हणून गाईलाच समजावून सांगावं लागते."

तरी तक्रार त्यांनी घेतली. काठी हे हत्यार, म्हणाले. कलम वरचे लागते, चौकशीला त्यांना स्वतःला गावात यावे लागेल. मी सायकलवर परत निघालो तेव्हा खुशीत होतो. ठाणेदार फडीवर येणार, मुंशी घाबरणार, पुन्हा मारणार नाही. मागणी एवढीच होती, आणि ती काठीने पुरी होत होती.

ठाणेदार आले, ते छपराच्या दिवसाच्या दोन दिवस आधी. गावाच्या मधोमध चिंचेखाली खाट टाकली. गाव गोळा झाले, आजाला खाटेजवळ बसवले, तो माणूस आणि त्याची बायको समोर, मुंशी बाजूला. मुंशी परप्रांतातला, रुंद हाडाचा, पण त्या दिवशी घामाने डबडबलेला. ठाणेदारांनी गावाला विचारले. काठीनं जी, काठीनं, असे एकामागून एक. मग ते मुंशीकडे वळले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले की काठी म्हणजे हत्यार, हत्याराने इजा म्हणजे चांद्याचे कोर्ट, आणि जामिनाला ठेकेदार धावून येईल की नाही ते तुझे तू पाहा.

मुंशीचा चेहरा उतरला. मग तो हात जोडून म्हणाला, "लाठी कहाँ साहब. हाथ में लाठी थी ही नहीं. जूता मारा था, बस, जूता."

आपण स्वतःला वाचवतो आहोत, एवढेच त्याला माहीत होते. आणि कायद्याच्या हिशेबाने तो बरोबर होता. काठी जड, जोडा हलका. त्याने जोडा पायातून काढून ठाणेदारांपुढे धरलादेखील, टाच वर करून, नाल दाखवत. ठाणेदारांनी त्या माणसाचे डोके वळवून कानामागची जखम पाहिली, नाल पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अभ्यासाला फळ आल्याचे समाधान पसरले. जोड्याची इजा साधी, तिला पोलिस लागत नाहीत. वाटले तर तुम्ही स्वतः कोर्टात जा. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की पाहिलेत ना, सबंध गावात खरे बोलला तो आरोपी. मार खाणारा खोटा, त्याची बायको खोटी, साक्षीदार खोटे. आता सांगा, हिस्सा आहे की नाही?

माझ्या जिभेवर आलेले सगळे शब्द पत्रकातले होते.

ठाणेदार गेले, मुंशी गेला. गाव बसलेलेच राहिले. जे सगळ्यांच्या डोळ्यांना इतके दिवस माहीत होते ते आता तोंडाने उच्चारले गेले होते, सरकारी माणसापुढे, चिंचेखाली, आणि परत गिळता येत नव्हते. आजाने आपली काठी आडवी मांडीवर घेतली. तो बोलायच्या आधी त्या माणसाची बायको उभी राहिली. ती माझ्यासाठी बोलत नव्हती, पण मराठीतून बोलली. कदाचित मीही त्यात गुन्हेगार आहे असे तिला वाटत असेल.

"जोडा त्याच्या पायातला, हात त्याचा. मंग बाट आमाले काऊन, आजा? बाहेर काढाचं तर त्याले काढा."

कोणी तिला गप्प केले नाही. आजाने मांडीवरची काठी बाजूला ठेवली.

"त्याले कुठून काढू, बाई? तो आपल्यात आहेच कुठी? जो आपल्यात आहे त्यालेच धुता येते."

मी मध्ये पडलो. मी म्हटले की जेवण घालायचेच तर मुंशीकडून घ्या, ठेकेदाराकडून घ्या, मी आणून देतो, मंडळातर्फे मोर्चा काढून आणतो. लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. आजा म्हणाला, "तुमच्या आंगाची घाण, भाऊ, दुसऱ्यानं आंघोळ केली तर जाते काय?" दोन-चार जण हसले. तो माणूससुद्धा थोडा हसला, आणि मला त्याच्या हसण्याचा सर्वांत जास्त राग आला.

त्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे, सायकलवर आणि सायकलवरून उतरून. आजा जे बोलला ते ठाणेदारांच्या पानांत नव्हते आणि कार्यवाहांच्या ठरावातही नव्हते, पण मुंशी, ठाणेदार आणि कार्यवाह तिघेही वागत होते त्याच नियमाने. मुंशीला ठेकेदाराचा राग ठेकेदारावर काढता येत नाही, समोर वाकलेला माणूस हाताला लागतो. ठाणेदारांना मुंशीवर कलम बसवता येत नाही, समोर बसलेला तक्रारवाला हाताला लागतो. कार्यवाहांना व्यवस्था हलवता येत नाही, एकटा गेलेला माणूस हाताला लागतो. आणि गावाला मुंशीला वाळीत टाकता येत नाही. ज्याच्यावर जुलूम होतो तो जुलमाच्या हाताशी असतो, हे तर झालेच. पण मग न्यायाच्याही हाताशी तोच असतो. पंडितांनी बळींच्या खुशाल पाच राशी लावाव्यात, सात लावाव्यात. मला आढळलेली रास एकच आहे: सापडणारा.

आणि तरीही ह्या सगळ्यांत आजावर माझा राग धरवत नाही. निवाडा देणाऱ्यांत एकटा तोच होता ज्याने पहिल्यापासून त्याला वाचवायला तोंड बंद ठेवले होते.

जेवण धानकापणीनंतर घालायचे ठरले. तोवर त्याच्या घरचे पाणी बंद. मुंशी फडीवर तसाच राहिला, आणि त्या माणसाचे पुडे पास-नापास करत राहिला. त्याने पुन्हा मारले नाही, हे खरे. मारायची गरज उरली नव्हती. तो माणूस आता नापास पुड्यांकडे पाहतही नसे. तो शहाणा झाला असे ठाणेदार मला पुढे एकदा म्हणाले, आणि ते त्यांनी आपल्या शास्त्राचा पुरावा म्हणून धरले.

छपराच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. कोणी येणार नाही अशी माझी खात्री होती आणि मी एकटा गवत चढवू लागलो तर काय हसे होईल, असे मनात म्हणत गेलो. पण गाव आले होते. सगळे आले होते. आजाच्या निवाड्यात पाणी आणि पंगत बंद होती. हात बंद आहेत असे तो बोलला नव्हता, आणि जे तो बोलला नव्हता ते गावाने बरोबर धरून ठेवले होते. वाशांवर पुरुष चढले होते, खालून बाया पेंढ्या फेकत होत्या, तो माणूस आढ्यावर बसून बांधत होता. आजा अंगणाच्या कुडाबाहेर बसून गवताच्या जुड्या करत होता आणि एकेक आत देत होता.

ऊन जाळत होते. थोड्या वेळाने एक जण खाली उतरला, कुडाबाहेर गेला, शेत ओलांडून नाल्यावर गेला, झऱ्यात ओंजळ घातली, पाणी प्याला आणि परत येऊन वर चढला. मग दुसरा गेला. असे दिवसभर चालले होते. एका घोटासाठी जाऊन येऊन पाऊण कोस. अंगणातल्या रांजणाकडे कोणी पाहिले नाही. पाहू नये म्हणून मान वळवून जात होते.

तिने आंबील केली होती. कोणी पिणार नाही हे ठाऊक असताना, गावाला पुरेल एवढे मोठे भांडे, रात्रभर आंबवून. छपराच्या दिवशी घरात आंबील असावी लागते म्हणून केली, असे तिने सांगितले. मी विचारले नव्हते. तिने मला सावलीत बसवले आणि वाडगा भरून पुढे ठेवला.

मी दुसऱ्या जातीचा, बाहेरचा, कोणाच्या पंगतीत नसलेला. त्या अंगणात पिऊ शकणारा मी एकटा होतो. पहिला वाडगा प्यालो, चांगली आंबट झाली होती, तसे सांगितले. दुसरा तिने न विचारता भरला. वर वाशांवरून गवताचा कचरा आमच्या अंगावर पडत होता आणि ती वाडग्यावर हात धरून होती. तिसरा मी निम्मा पिऊन खाली ठेवला, पोटाला तडस लागली होती.

"पिया ना, भाऊ," ती म्हणाली. "आज भांडं भरलं राहू नये."

मी पुन्हा वाडगा उचलला. भांडे जेमतेम बोटभर उतरले होते.